जागा आहे! – पण कुणासाठी?

आमच्या घरी मोटारीनं लांब जायचा बेत ठरला की मुलांचा पहिला प्रश्न असतो, "बाबा, या वेळी किती पाट्या?" पाट्या म्हणजे रस्त्याकडेच्या जुन्या मोटेलांच्या, खानावळींच्या, पेट्रोलपंपांच्या निऑनच्या पाट्या. चार तासांचा प्रवास माझ्यामुळे सात तासांचा होतो, हा आरोप मला मान्य आहे. संध्याकाळी, घरच्या मंडळींना कडकडून भूक लागलेली असते नेमकी तेव्हाच, मी कुठल्याशा मोडकळलेल्या मोटेलासमोर तिपाई रोवून उभा असतो. दिवसभर संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून माणसाच्या डोक्यावर जो परिणाम होतो तो हाच, असं आमच्या हिचं ठाम मत आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि इतिहासाशी संबंध शाळेतल्या सनावळ्यांपुरता. पण गेल्या बारा-तेरा वर्षांत या छंदानं मला या देशाचा जो इतिहास शिकवला, तो नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी पाठ केलेल्या शंभर प्रश्नांत नव्हता. आणि त्यात एक पान आपल्यासारख्यांचंही निघालं. ते पान वाचकांपुढं ठेवावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली रात्र

ऑगस्ट २००३. मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या गावी रात्री साडेदहाला बसमधून उतरलो, तेव्हा कळलं की वसतिगृहाचं ऑफिस आता थेट सोमवारी उघडणार. शुक्रवारची रात्र, दोन अवजड बॅगा आणि खिशात मोजके डॉलर. बसथांब्यासमोर एक उंच पाटी पेटलेली होती. दिव्यांचा मोठा पिवळा बाण, निळ्या अक्षरांत मोटेलचं नाव आणि खाली लाल अक्षरांत ‘व्हेकन्सी’. त्यातलं पहिलं अक्षर विझलेलं होतं. त्यामुळे शब्द कळायलाच मला जरा वेळ लागला. जागा शिल्लक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दार ढकललं आणि हिंगाच्या फोडणीचा वास आला. काउंटरमागं साठीचे गुजराती गृहस्थ. माझं नाव वाचून त्यांनी हिंदीत विचारलं, "मुंबईचा की पुण्याचा?" मुंबईचा म्हटल्यावर त्यांचा भाऊ घाटकोपरला राहतो, हे निघालं. मग मी त्यांना काका म्हणायला मोकळा झालो. काकांनी पैसे एका रात्रीचे घेतले आणि ठेवून घेतलं तीन रात्री. बेनने दोन्ही वेळा डाळभात दिला. सोमवारी निघताना मी नमस्कार केला, पुन्हा भेटायला येतो म्हणालो आणि अर्थातच गेलो नाही. अभ्यास, शिष्यवृत्ती, नोकरी, लग्न – नेहमीचीच कारणं.

अकरा वर्षांनी, २०१४ मध्ये, बायकोला आणि मुलांना ती जागा दाखवायला म्हणून मुद्दाम त्या गावी गेलो. मोटेल नव्हतं. पाटी नव्हती. तिथं एका औषधाच्या दुकानाचा मोटारी लावायचा तळ होता. दुकानातल्या कुणाला काही सांगता येईना. माझ्याकडे त्या मोटेलचा एकही फोटो नव्हता. त्या पहिल्या महिन्यातला फिल्मचा एकुलता एक रोल मी विद्यापीठाच्या मनोऱ्यावर आणि फॉलच्या रंगीत पानांवर खर्च केला होता. त्या पार्किंग लॉटमध्ये उभं असताना जी चुटपुट लागली, तिथून हा छंद सुरू झाला.

पाटी एवढी मोठी का?

‘मोटेल’ हा शब्दच मुळी शंभर वर्षांपूर्वीचा. डिसेंबर १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो या गावी आर्थर हाइनमन नावाच्या वास्तुविशारदानं मोटारीनं येणाऱ्यांसाठी एक मुक्कामाची जागा बांधली. ‘मोटर’ आणि ‘हॉटेल’ यांची संधी करून त्यानं तिला ‘माइलस्टोन मो-टेल’ असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, शिकागोहून सँटा मोनिकाकडे जाणाऱ्या सुमारे २,४०० मैलांच्या रस्त्याला ६६ हा क्रमांक मिळाला. हाच तो प्रसिद्ध रूट ६६. आठ राज्यांतून, शेकडो गावांच्या भर बाजारातून जाणारा हा रस्ता म्हणजे मोटेलवाल्यांची पंढरीची वाट होती.

आता थोडं गणित. ताशी ५० मैलांच्या वेगानं जाणारी मोटार सेकंदाला सुमारे ७३ फूट पुढं सरकते. पाटी दिसणं, वाचणं, ‘इथं थांबू या का?’ म्हणून बायकोला विचारणं आणि ब्रेक दाबणं याला अगदी पाच सेकंद धरले, तरी पाटी निदान साडेतीनशे फुटांवरून वाचता यायला हवी. आपल्याकडे पेठेतल्या दुकानाची पाटी पायी चालणाऱ्यासाठी असते. तिला हातभर लांबी पुरते. इथली पाटी धावत्या माणसासाठी होती. म्हणून ती उंच, तिला बाण, तिला रंग आणि रात्री तिला निऑन.

निऑन हा वायू १८९८ मध्ये लंडनला विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनी द्रवरूप हवेतून वेगळा काढला. त्याचा दिवा करून दाखवला तो फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यानं, १९१० च्या पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात. म्हणजे निऑन आणि मोटार यांची गाठ पहिल्यापासूनचीच. कृती वर्णनाला सोपी, करायला महाकठीण. काचेची नळी ज्योतीवर तापवून मऊ करायची, आराखड्यावर धरून हातानं अक्षराच्या आकारात वळवायची, आतली हवा काढून टाकायची, अगदी कमी दाबाखाली निऑन भरायचा आणि दोन्ही टोकांना काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा. शुद्ध निऑन तांबडानारिंगी पेटतो. निळा हवा असेल तर आरगॉन वायू आणि पाऱ्याचा थेंब. बाकीचे रंग काचेच्या रंगानं किंवा नळीला आतून दिलेल्या लेपानं साधतात. नीट केलेली नळी कितीतरी दशकं टिकते. दगा देतात ते ट्रान्सफॉर्मर, गंजलेल्या तारा आणि गारांचा पाऊस. आजही हे काम यंत्राला साधलेलं नाही. तोंडात रबरी नळी धरून, फुंकर मारत काच वळवणारा कारागीरच लागतो आणि असे कारागीर आता थोडे उरले आहेत.

न्यू मेक्सिकोतल्या टूकमकॅरी गावी ‘ब्लू स्वॉलो’ नावाचं १९३९ मध्ये बांधलेलं मोटेल आहे. त्याच्या पाटीवर निळी पाकोळी आहे आणि खाली ‘शंभर टक्के रेफ्रिजरेटेड एअर’ असं आश्वासन. लिलियन रेडमन या बाईंनी १९५८ पासून चाळीस वर्षं ते चालवलं. सूर्यास्तानंतर तिथं उभं राहिलं की वाळवंटी संध्याकाळच्या जांभळ्या आभाळावर ती पाटी अशी काही पेटते, की घरच्यांचा राग, भूक, सगळं विसरायला होतं. (मला. घरच्यांना नाही.)

मग हे सगळं गेलं कुठं?

१९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचं जाळं ठरलं. हे रस्ते गावातून नव्हे, गावाला वळसा घालून जाणारे. जुन्या रस्त्यावरची गिऱ्हाइकं एकेका गावी अक्षरशः एका दिवसात आटली. १९५२ मध्ये मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन उघडलं होतंच. आता साखळी हॉटेलांचा जमाना आला. प्रत्येक गावी तीच खोली, तीच पाटी. हातानं वळवलेल्या निऑनच्या जागी प्लॅस्टिकचा डबा आणि आत ट्यूबलाइट, असा स्वस्त प्रकार रूढ झाला. १९६५ मध्ये महामार्ग सुशोभनाचा कायदा होऊन रस्त्यालगतच्या जाहिरातफलकांवर बंधनं आली. निऑन म्हणजे बटबटीत आणि हलकं, असं शहाण्यासुरत्या लोकांचं मत झालं आणि कित्येक नगरपालिकांनी तसे नियमही केले. १९८५ मध्ये रूट ६६ चा क्रमांकच अधिकृतरीत्या काढून घेण्यात आला.

या पडझडीच्या काळात एक माणूस मात्र भाड्याच्या मोटारीतून देशभर हिंडत होता. जॉन मार्गोलिस (१९४०–२०१६). रस्त्याकडेची मोटेलं, पेट्रोलपंप, ड्राइव्ह-इन सिनेमे, बदकाच्या आकाराची दुकानं यांचे त्यानं सुमारे चार दशकं फोटो काढले. विद्वानांनी ज्याला कचरा ठरवलं, त्यालाच त्यानं वास्तुकला म्हटलं. त्याच्या ११,००० हून अधिक रंगीत पारदर्शिका आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कुणालाही विनामूल्य वापरता येतात. त्याच्या फोटोंतल्या कितीतरी इमारती आता केवळ त्या फोटोंतच उरल्या आहेत. माझ्यासारख्या हौशी लोकांचा तो गुरू.

जुन्या इमारती वाचवण्याची कळकळही इथं फार पूर्वीपासून होती असं नाही. १९६३ मध्ये न्यूयॉर्कचं भव्य पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडायला सुरुवात झाली, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. १९६६ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा राष्ट्रीय कायदा झाला आणि ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. या नोंदवहीत नाव लागायचं तर वास्तू साधारणपणे पन्नास वर्षांची असावी, असा दंडक आहे. अपवाद असामान्य महत्त्वाच्या वास्तूंचा. अडचण अशी, की मोटेल किंवा पेट्रोलपंप पन्नाशी गाठण्याआधीच बहुधा बुलडोझर गाठतो. फार जुनं झालं की वारसा, आणि थोडं जुनं झालं की अडगळ. ही मधली वीस-तीस वर्षं धोक्याची.

‘नो’ या अक्षरांची कळ

इथवर माझा छंद निरागस होता. रंग, प्रकाश, नळ्या, गाड्या. तो बदलला मेम्फिसला.

मेम्फिसच्या लोरेन मोटेलची पाटी आजही उभी आहे. पिवळा आणि निळसर हिरवा रंग, ऐन पन्नाशी-साठीच्या दशकांतला झोकदार आकार. दुसऱ्या कुठल्या गावी दिसती तर मी नुसता खूश होऊन फोटो काढला असता. पण पाटीमागच्या ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेरच्या सज्जात, ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली. १९९१ पासून तिथं नागरी हक्कांच्या चळवळीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. वॉल्टर बेली या कृष्णवर्णीय गृहस्थांनी १९४५ मध्ये ही जागा विकत घेतली आणि पत्नी लोरी हिच्यावरून तिला नाव दिलं. गोळीबार झाला त्या दिवशीच लोरीबाईंना झटका आला आणि डॉ. किंग यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी त्या वारल्या. हे मी त्या पाटीखाली उभं राहून वाचलं. कॅमेरा गळ्यात होता, पण बराच वेळ तो उचलावासा वाटला नाही.

डॉ. किंग यांच्यासारखी मंडळी लोरेनमध्येच का उतरत? कारण बाकीच्या कित्येक ठिकाणी त्यांना जागा नव्हती. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या टपालवाल्यानं कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक पुस्तिका काढायला सुरुवात केली. कोणत्या गावी कुणाकडे खोली मिळेल, कुठं जेवायला मिळेल, कुठं पेट्रोल मिळेल, याची यादी. ‘ग्रीन बुक’ म्हणून ती ओळखली जाई आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती निघत होती. लोरेनचं नाव तिच्यात होतं. ज्या सोनेरी दिवसांच्या आठवणींनी रूट ६६ चे चाहते गहिवरतात, त्याच दिवसांत दुसरी एक अमेरिका ही पुस्तिका मांडीवर ठेवून, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायच्या घाईत, त्याच रस्त्यांवरून जात होती.

मोटेलच्या पाटीवर ‘व्हेकन्सी’ हा शब्द एका नळीत असतो आणि त्याच्या आधीचं ‘नो’ वेगळ्या नळीत. त्याची कळ काउंटरपाशी असते. खोल्या भरल्या की मालक ती दाबतो. मी अभियंता असल्यामुळे मला या कळेचं कौतुक वाटायचं. मेम्फिसनंतर लक्षात आलं, की कळ न दाबताही ‘नो’ म्हणता येत होतं. बाहेर ‘जागा आहे’ हे पेटलेलं, आणि आत आलेल्या माणसाचा रंग पाहून मालक सांगणार, जागा नाही.

यावरचा शेवटचा कायदेशीर निकालही एका मोटेलच्याच नावावर आहे. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा झाल्यावर अटलांटातल्या ‘हार्ट ऑफ अटलांटा’ या २१६ खोल्यांच्या मोटेलच्या मालकानं कोर्टात धाव घेतली. मी कुणाला खोली द्यायची हे सरकारनं ठरवू नये, असा त्याचा दावा. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९६४ मध्ये एकमतानं तो फेटाळला. ते मोटेल आता नाही. पण १९६५ नंतर या देशात आलेल्या आपल्या मंडळींपैकी कुणीही प्रवासात थकूनभागून बेधडक एखाद्या मोटेलचं दार उघडलं असेल, तर ते या निकालाच्या जोरावर. आपल्याला हे दार उघडलेलंच मिळालं. ते कुणी उघडलं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं? मला तरी नव्हतं.

दोन पाट्या, एक फोटो

आता आपलं पान.

अमेरिकेतले पहिले गुजराती हॉटेलवाले म्हणून कानजीभाई देसाई यांचं नाव घेतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत डांबलं गेलं. अशाच एका मालकाचं हॉटेल कानजीभाईंनी चालवायला घेतलं. म्हणजे आपल्या लोकांच्या या उद्योगाची सुरुवातसुद्धा कुणाच्या तरी बंद झालेल्या दारापासून आहे. पुढं १९६५ च्या कायद्यानं भारतीयांना वाट मोकळी झाली. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून भारतीयांना हाकललं, त्यातलेही काही इथं आले. १९७३ च्या तेलटंचाईत मोटारींचा प्रवास घटला आणि आधीच महामार्गानं बाजूला टाकलेली मोटेलं मातीमोल भावानं विक्रीला निघाली. गोऱ्या मालकांची मुलं शहराकडे गेली होती. ती मोटेलं पटेलांनी घेतली. काउंटरमागच्या दोन खोल्यांत संसार मांडला, चादरी बदलण्यापासून नळदुरुस्तीपर्यंत सगळं घरच्या घरी केलं आणि पाट्या पेटत्या ठेवल्या.

हे सगळ्यांना रुचलं नाही. १९८० च्या दशकात काही विमा कंपन्या भारतीय मालकांना विमा नाकारू लागल्या. अशाच अडवणुकींना तोंड देण्यासाठी मालक संघटित झाले आणि १९८९ मध्ये ‘आहोआ’ ही आशियाई-अमेरिकी हॉटेलमालकांची संघटना उभी राहिली. आज देशातली सुमारे ६० टक्के हॉटेलं तिच्या सभासदांची आहेत, असं ती सांगते. त्याच काळात काही मोटेलांच्या पाट्यांखाली एक नवी ओळ दिसू लागली : ‘अमेरिकन ओन्ड’. मालक अमेरिकन आहे. अर्थ उघड होता – शेजारचं मोटेल ‘त्यांचं’ आहे, तिकडे जाऊ नका. शेजारच्या मालकाकडे अमेरिकन नागरिकत्व असलं, तरी तो या हिशेबात अमेरिकन नव्हता.

हे मी वाचलं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिझुरीतल्या एका गावी ते डोळ्यांनी पाहिलं. रस्त्याच्या एका बाजूला छान राखलेली निऑनची पाटी होती. मी तिपाई लावली आणि मग समोरच्या मोटेलच्या फलकावर ती ओळ दिसली. प्लॅस्टिकची काळी अक्षरं, उन्हानं विटलेली. मुलीनं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "बाबा, म्हणजे काय? वुई आर अमेरिकन, ना?" ती इथंच जन्मलेली, नऊ वर्षांची. मी म्हटलं, "हो, आहोत." त्यापुढं काय सांगावं ते सुचेना. बायको म्हणाली, "चल, गाडीत बस. त्याचा नको काढूस फोटो."

तेवढ्यात निऑनवाल्या मोटेलमधून साठी-पासष्टीच्या बेन बाहेर आल्या. आम्ही कोण, कुठले, ही चौकशी झाली. मी पाटीचा फोटो काढतोय म्हटल्यावर त्या खूश झाल्या. दर दोन-तीन वर्षांनी तीन तासांवरून कारागीर बोलवावा लागतो, खर्च परवडत नाही, पण यजमानांनी विकत घेताना जुन्या मालकिणीला शब्द दिला होता, असं त्यांनी सांगितलं. मी समोर बोट दाखवलं. त्या हसल्या. "वीस वर्षांहून जास्त झाली असेल त्याला. आधी माझे मिस्टर रोज संध्याकाळी आपली पाटी पेटवायच्या आधी तिकडे बघायचे. नंतर बघायचं सोडून दिलं." जरा थांबून म्हणाल्या, "फोटो काढतोयस तर दोन्ही पाट्या एकात घे. एकटी आमची घेतलीस तर लोकांना वाटेल, आमचं सगळं सोपं होतं."

मी पन्नास पावलं मागं गेलो. एका कडेला पेटलेलं निऑन, दुसऱ्या कडेला ती ओळ, मधून ओला रस्ता. माझ्या हजारो फोटोंतला तो सर्वांत सुंदर नव्हे. पण मला एकच ठेवायला सांगितला तर मी तोच ठेवीन. दोन वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा ती ओळ काढून टाकलेली होती. कुणी, कधी, का, ते ठाऊक नाही. बरंच झालं. पण ती होती, एवढं फोटोत आहे.

माझ्या गुरूशी माझा मतभेद आहे तो इथं. मार्गोलिस चौकटीत माणसं येऊ देत नसे. निळं आभाळ, स्वच्छ ऊन आणि एकटी इमारत. त्यानं वास्तू सुंदर दिसते यात शंका नाही. पण पाटी रोज संध्याकाळी पेटवणारा हात त्यात नसतो, आणि ती पाहून पुढं निघून जावं लागलेला माणूसही नसतो.

एक गंमत सांगतो. फ्रँक रेडफर्ड नावाच्या माणसानं १९३० च्या दशकात केंटकीत तंबूच्या आकाराच्या सिमेंटच्या खोल्यांचं मोटेल काढलं. मूळच्या अमेरिकन इंडियन लोकांच्या निमुळत्या उंच तंबूला ‘टीपी’ म्हणतात. पण रेडफर्डला तो शब्द आवडत नसे, म्हणून त्यानं नाव दिलं ‘विगवॉम व्हिलेज’. विगवॉम ही घुमटासारखी, निराळीच झोपडी असते. ज्यांची नक्कल केली त्यांच्या घराचं नावही नीट घेतलं नाही! अशी सात ‘गावं’ झाली, त्यातली तीन उरली : केंटकीत केव्ह सिटीला, ॲरिझोनात हॉलब्रुकला आणि कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला. यातलं सॅन बर्नार्डिनोचं गाव पार रया गेलेल्या अवस्थेत २००३ मध्ये एका पटेल कुटुंबानं घेतलं, डागडुजी करून पुन्हा नावारूपाला आणलं आणि २०१२ मध्ये त्याची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. कोलंबसानं ज्यांना चुकून इंडियन म्हटलं त्यांच्या घरांची चुकीच्या नावाची नक्कल खऱ्याखुऱ्या इंडियन लोकांनी वाचवली. हा इतिहास एकाच पाटीत मावणारा नाही.

आपल्या पाट्या

मी दादरला वाढलो. आजूबाजूला १९३०-४० च्या दशकांतल्या गोलाकार गॅलऱ्यांच्या, जिन्यावर रंगीत काचा असलेल्या, सिमेंटमध्ये नाव कोरलेल्या इमारती होत्या. त्या शैलीला आर्ट डेको म्हणतात, हे मला कळलं अमेरिकेत. २०१८ मध्ये मुंबईतल्या ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि मरीन ड्राइव्हच्या अशा इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, तेव्हा मी आईला फोन करून आमच्या जुन्या बिल्डिंगचा फोटो काढून ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, "आता कशाला? रीडेव्हलपमेंटला गेली की." तिथंही मला उशीरच झाला.

म्हणून वाचकहो, आता तुमच्याकडे एक मागणं आहे. १९६५ च्या कायद्याला साठ वर्षं होऊन गेली. तो पन्नास वर्षांचा दंडक आता आपल्यालाही लागू झाला आहे. शिकागोच्या डेव्हॉन ॲव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान निघालं ते १९७४ मध्ये. आपल्या गावातलं पहिलं इंडियन ग्रोसरीचं दुकान कोणतं? त्याची पाटी हातानं रंगवलेली होती का? मंडळाचा पहिला गणपती ज्या चर्चच्या तळघरात किंवा शाळेच्या जिममध्ये बसला, ती इमारत उभी आहे का? तिचा फोटो आज काढून ठेवा. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आभाळ आणि दिवे यांचा उजेड सारखा होतो, तेव्हा काढा. इथली वीज सेकंदाला १२० वेळा लुकलुकते, म्हणून शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाहून जलद ठेवू नका. लाल निऑन कॅमेऱ्यात चटकन पांढरं पडतं, म्हणून एक फोटो थोडा अंधारा घ्या. सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला १९९० चा कायदा मुभा देतो. तरी आत जाऊन मालकाला विचारा, कारण खरी गोष्ट आतच असते. आणि फोटोमागं गाव, तारीख आणि पाटी कोण पेटवत असे, हे लिहून ठेवा.

नवा फोटो काढायला जागाच उरली नसेल, तर जुने अल्बम उघडा. आपल्या पहिल्या गाडीला टेकून काढलेला फोटो प्रत्येकाकडे असतो. या वेळी गाडीकडे आणि कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या स्वतःकडे बघू नका, मागं काय दिसतं ते बघा.

हे मी अनुभवानं सांगतो. गेल्या वर्षी माझ्या विद्यार्थिदशेतल्या एका मित्राच्या बायकोनं घर आवरताना सापडलेले फोटो पाठवले. त्यात एक २००४ सालचा होता. जुनी करडी होंडा, बॉनेटवर मी आणि मित्र, दोघंही बारीक आणि केसाळ. मुलं हसून लोळली. मी फोटो मोठा करून पाहिला. आमच्या डोक्यांमागं, उजव्या कोपऱ्यात, भर दुपारी न पेटलेला तो पिवळा बाण होता, आणि त्याखाली अर्धवट कापला गेलेला शब्द. खालच्या ऑफिसच्या दारात कुणीतरी उभं होतं. चेहरा ओळखू येत नाही. पण टोपी काकांचीच आहे.